एमस अलॉन्झो स्टॅग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात स्टॅग यांचे नाव पानोपानी येते, पण त्यांच्याबद्दलची माहिती बहुधा दोनच गोष्टींवर थांबते: ३१४ विजय आणि १०२ वर्षांचे आयुष्य. दोन्ही खरे आहे, पण त्यांचे मोठेपण त्यात नाही. त्यांच्याआधी कॉलेजचा प्रशिक्षक म्हणजे मोसमापुरता बोलावलेला माजी खेळाडू असे. स्टॅग यांनी त्याचा विद्यापीठातला कायम नोकरीचा प्राध्यापक केला. खालची बरीचशी उत्तरे याच मुद्द्याभोवती फिरतात. इथे ‘फुटबॉल’ म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे.

स्टॅग नेमके कोण? थोडक्यात सांगा.

जन्म १६ ऑगस्ट १८६२, वेस्ट ऑरेंज, न्यू जर्सी. शिक्षण फिलिप्स एक्झिटर अकॅडमी आणि येल विद्यापीठ. १८९० ते ९२ स्प्रिंगफील्डची वायएमसीए प्रशिक्षण शाळा, १८९२ ते १९३२ शिकागो विद्यापीठ, १९३३ ते ४६ कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचे पॅसिफिक कॉलेज, १९४७ ते ५२ पेनसिल्व्हेनियातले सस्क्वेहॅना विद्यापीठ आणि शेवटी पुन्हा स्टॉकटन, तिथल्या ज्युनियर कॉलेजात. ९८व्या वर्षी, १९६० मध्ये काम थांबवले. निधन १७ मार्च १९६५.

ते धर्मोपदेशक होणार होते, हे खरे का?

हो. येलमध्ये पदवीनंतर ते धर्मशास्त्राचा अभ्यास करत होते. व्यासपीठावरून बोलणे आपल्याला जमत नाही, हे लक्षात आल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला आणि तरुणांना घडवण्याचे काम मैदानावरून करायचे ठरवले. ‘उपदेशक’ मात्र त्यांच्यातून कधी गेला नाही. दारू नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. फारच संतापले तर खेळाडूला ‘गाढव’ म्हणत. त्याहून मोठी चूक झाली तर ‘डबल गाढव’, आणि शेवटची पायरी ‘ट्रिपल गाढव’. शिकागोच्या माजी खेळाडूंत ही पदवी मिळाल्याचा अभिमान बाळगणारे बरेच होते.

खेळाडू म्हणून ते कसे होते?

आधी बेसबॉल. येलचे ते मुख्य पिचर (चेंडू टाकणारे). १८८८ मध्ये प्रिन्स्टनविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी २० बॅटर बाद केले होते. व्यावसायिक संघांकडून बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली. त्या काळच्या व्यावसायिक बेसबॉलभोवतीचे दारूचे वातावरण त्यांना पसंत नव्हते.

फुटबॉलमध्ये ते ‘एंड’ म्हणजे रांगेच्या टोकाला खेळत. १८८९ मध्ये पहिल्यांदाच निवडलेल्या ‘ऑल अमेरिका’ संघात (देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत) त्यांचे नाव आहे.

बास्केटबॉलशी त्यांचा संबंध कुठून आला?

स्प्रिंगफील्डमधून. जेम्स नेस्मिथ तिथे त्यांचे सहकारी, शिवाय स्टॅग यांच्या फुटबॉल संघातले मधल्या जागेचे खेळाडू. डिसेंबर १८९१ मध्ये नेस्मिथ यांनी बास्केटबॉल तयार केला. ११ मार्च १८९२ रोजी लोकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५–१ ने जिंकले आणि शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांचा. फुटबॉलच्या सवयीने ते धक्काबुक्की करत खेळले, असेही त्या सामन्याबद्दल सांगतात.

पुढे १८ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा शिकागोचा संघ आयोवा सिटीत खेळला. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू, राखीव कोणी नाही. शिकागो १५, आयोवा १२. बास्केटबॉलमध्ये बाजूला पाचच खेळाडू असण्याची आजची पद्धत कॉलेज पातळीवर रुळली, तिचा आरंभ या सामन्यापासून मानतात. त्याआधी एका बाजूला नऊ-नऊ जणही खेळत आणि छोट्या व्यायामशाळेत नुसती गर्दी होई.

शिकागोची नोकरी इतकी महत्त्वाची का मानतात?

कारण त्या नोकरीची चौकटच नवी होती. येलमध्ये स्टॅग यांना शिकवलेले विल्यम रेनी हार्पर शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. विद्यापीठ १ ऑक्टोबर १८९२ रोजी सुरू व्हायचे होते. हार्पर यांनी आधी १,५०० डॉलर देऊ केले, मग २,०००, आणि शेवटी २,५०० डॉलर पगार, सहयोगी प्राध्यापकाची पदवी व कायम नेमणूक. पद होते ‘शारीरिक संस्कृती व क्रीडा’ विभागाच्या संचालकाचे.

याचे परिणाम लगेच दिसत नाहीत, म्हणून जरा उलगडून सांगतो.

पहिले, नोकरी सामन्यांच्या निकालावर टांगलेली राहिली नाही. एखादा मोसम वाईट गेला तरी प्राध्यापकाला काढता येत नाही. दुसरे, पैसा त्यांच्या विभागातून फिरू लागला. तिकिटांची आवक, मैदान, प्रवास, साहित्य सगळे एका माणसाच्या हातात आले. पूर्वेकडच्या कॉलेजांत हे काम विद्यार्थ्यांचे व्यवस्थापक आणि माजी विद्यार्थी पाहत आणि प्रशिक्षक त्यांचा पाहुणा असे. तिसरे, वर्षभराचे काम. फुटबॉल संपला की पगार संपत नव्हता, म्हणून माणूसही दुसऱ्या खेळाकडे वळू शकला. अनेक खेळांचा प्रशिक्षक ही जात या चौकटीतून जन्माला आली.

आणि चौथे, ज्याबद्दल त्यांचे चाहते कमी बोलतात: एवढी मोकळीक मिळालेल्या विभागावर प्राध्यापक मंडळाचा वचक राहिला नाही. त्याबद्दल पुढे.

एकच माणूस वर्षभर इतके खेळ कसा सांभाळत असे?

ऋतूंच्या जोरावर. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत फुटबॉल. हिवाळ्यात छपराखाली धावपट्टी, बास्केटबॉल आणि बेसबॉलच्या पिचरांचा सराव. बर्फ वितळले की बेसबॉल आणि मैदानी स्पर्धा एकाच वेळी. खरी अडचण इथेच होती, कारण एप्रिल ते जून दोन संघ एकाच माणसाला हवे असत. म्हणूनच १९१३ नंतर बेसबॉल त्यांनी आपले माजी खेळाडू पॅट पेज यांच्याकडे दिला आणि धावपटू स्वतःकडे ठेवले. बास्केटबॉल बराच काळ डॉ. जोसेफ रेक्रॉफ्ट यांच्याकडे होता. मुख्य प्रशिक्षक म्हणून स्टॅग यांच्या नावावर १९२०–२१ हा एकच मोसम आहे, १४ विजय आणि ६ पराभव. स्त्रियांचा व्यायाम विभाग गर्ट्रूड डडली यांच्याकडे होता.

तेव्हा ‘चार खेळांचे प्रशिक्षक’ हे शब्द जपून वापरावेत. फुटबॉल आणि मैदानी खेळ दीर्घकाळ, बेसबॉल सुमारे वीस वर्षे, बास्केटबॉल नावापुरता.

पहिल्या वर्षी संघ होता तरी का?

जेमतेम. पहिल्या सरावाला १३ जण आले. खेळाडू कमी पडत म्हणून तिशीतले स्टॅग स्वतः खेळायला उतरले. तेव्हाच्या नियमांत त्याला हरकत नव्हती. सुरुवातीचे सामने आसपासच्या हायस्कूलांशी झाले, मग २२ ऑक्टोबरला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाशी ०–०. मैदानाची जागा व्यापारी मार्शल फील्ड यांनी दिली. जमीन सपाट करणे आणि कुंपण उभारणे ही कामे विद्यार्थ्यांनी केली आणि स्टॅगही त्यांच्यात होते. पुढे हेच मैदान ‘स्टॅग फील्ड’ झाले.

जुने गुणफलक विचित्र दिसतात. ते वाचायचे कसे?

बहुतेक चुका इथेच होतात. आजच्या हिशेबाने जुने गुण लावले तर काहीच जुळत नाही, कारण टचडाउनची (चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपार नेण्याची) किंमत बदलत गेली.

१८९७ पर्यंत टचडाउनला ४, त्यानंतरच्या किकला २, मैदानी गोलला (चेंडू लाथेने गोलखांबांमधून घालण्याला) ५, सेफ्टीला (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे अडवण्याला) २.
१८९८ पासून टचडाउन ५, त्यानंतरची किक १.
१९०४ पासून मैदानी गोल ४, १९०९ पासून ३.
१९१२ पासून टचडाउन ६.

उदाहरण घेऊ. १८९६ मध्ये थँक्सगिव्हिंगला शिकागोच्या कोलिझियम इमारतीत छपराखाली शिकागोने मिशिगनला ७–६ असे हरवले. मिशिगनचे ६ म्हणजे टचडाउनचे ४ आणि त्यानंतरच्या किकचे २. शिकागोचे ७ म्हणजे क्लॅरेन्स हर्शबर्गरच्या ड्रॉपकिकचे (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेल्या मैदानी गोलचे) ५ आणि सेफ्टीचे २. म्हणजे शिकागो एकही टचडाउन न करता जिंकला. आजच्या किमती लावल्या तर तोच सामना मिशिगनने जिंकलेला दिसेल.

किंवा २५ डिसेंबर १८९४, सॅन फ्रान्सिस्को: शिकागो २४, स्टॅनफर्ड ४. स्टॅनफर्डचा तो ‘४’ म्हणजे टचडाउन झाले पण नंतरची किक हुकली. मध्य-पश्चिमेतला कॉलेज संघ रेल्वेने थेट कॅलिफोर्नियाला जाऊन खेळण्याची ही पहिलीच वेळ. समोरच्या संघाला शिकवत होते वॉल्टर कॅम्प, येलचेच. चार दिवसांनी लॉस एंजेलिसमध्ये स्टॅनफर्डने परतफेड केली. ती बाजू सहसा कोणी सांगत नाही.

३१४–१९९–३५ हा आकडा कुठून आला?

विजय, पराभव, बरोबरी या क्रमाने. फोड अशी: स्प्रिंगफील्ड १०–११–१, शिकागो २४४–१११–२७, पॅसिफिक ६०–७७–७. बेरीज करून पाहा, जुळते. एकूण ५४८ सामने, ५७ मोसम. बरोबरीला अर्धा विजय धरला तर टक्केवारी ६०.५ येते. एकट्या शिकागोची ६७.४, पॅसिफिकची ४४.१.

काही ठिकाणी वेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका. सुरुवातीच्या वर्षांत शिकागो हायस्कूल, क्लब आणि वायएमसीएच्या संघांशीही खेळत असे. ते सामने धरायचे की वगळायचे, यावर यादी बदलते. सस्क्वेहॅनातले सामने यात नाहीत, कारण तिथे मुख्य प्रशिक्षक त्यांचा मुलगा एमस ज्युनियर होता आणि वडील त्याला मदत करत.

दोन मोसमांची तुलना करतानाही सावध असावे. १८९९ मध्ये शिकागोने १८ सामने खेळून १६ जिंकले, २ बरोबरीत सोडवले. १९०६ मध्ये शिकागो ज्या विद्यापीठांच्या परिषदेत (‘बिग टेन’) होते, तिने संपूर्ण मोसमाला फक्त पाच सामन्यांची मर्यादा घातली. नुसते विजय मोजले तर १८९९ कुठल्या कुठे पुढे जातो.

३१४ चा विक्रम २८ नोव्हेंबर १९८१ पर्यंत टिकला. त्या दिवशी अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी ३१५वा विजय मिळवला.

बिग टेनमध्ये शिकागोची कामगिरी कशी होती?

सात विजेतेपदे: १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२, १९२४. ही परिषद ८ फेब्रुवारी १८९६ रोजी शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात स्थापन झाली आणि शिकागो तिच्या सात मूळ सदस्यांपैकी एक. १९२४ चे विजेतेपद मजेशीर आहे. पूर्ण मोसमात ४ विजय, १ पराभव, ३ बरोबरी. त्यातली एक बरोबरी इलिनॉयशी, २१–२१, इलिनॉयचा गाजलेला खेळाडू रेड ग्रेंज पूर्ण भरात असताना. त्यानंतर शिकागोने फुटबॉलचे विजेतेपद कधीच जिंकले नाही.

१९०५ चा मिशिगन सामना एवढा प्रसिद्ध का?

फील्डिंग योस्ट यांचा मिशिगन संघ ५६ सामन्यांत हरला नव्हता. त्या मोसमात आधीच्या १२ सामन्यांत त्यांनी ४९५ गुण केले होते आणि एकही गुण दिला नव्हता. ३० नोव्हेंबरला शिकागोत सुमारे २७,००० प्रेक्षकांसमोर दोन्ही संघ अडून बसले.

अशा सामन्यात गुण टचडाउनने येत नाहीत, जागेने येतात. शिकागोचा क्वार्टरबॅक (चाल चालवणारा खेळाडू) वॉल्टर एकर्सॉल उत्तम पंटर (हातातून सोडलेला चेंडू लांब लाथाडणारा) होता. त्याने उत्तरार्धात चेंडू थेट मिशिगनच्या गोलरेषेपलीकडे लाथाडला. मिशिगनच्या डेनी क्लार्कने तो तिथेच जमिनीला टेकवला असता तर चेंडू मिशिगनकडेच राहिला असता. त्याने बाहेर पळायचा प्रयत्न केला. रेषेच्या जरा पुढे येताच आर्ट बेडनॉक आणि मार्क कॅटलिन यांनी त्याला मागे ढकलत गोलरेषेपार नेले. सेफ्टी, दोन गुण. शिकागो २, मिशिगन ०.

हार्पर तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. सामन्याची खबर त्यांना दूरध्वनीवरून दिली जात होती. १० जानेवारी १९०६ रोजी ते गेले.

फॉरवर्ड पासचा (चेंडू हाताने पुढे फेकण्याचा) शोध स्टॅग यांनी लावला का?

नाही. १९०५ च्या मोसमात शिकागो ट्रिब्यूनच्या मोजणीनुसार देशभरात १८ खेळाडू मेले आणि १५९ गंभीर जखमी झाले. ऑक्टोबर १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले होते. १९०६ साली नियम बदलले: पुढे फेकायला परवानगी, तीन डावांत (चेंडू पुढे नेण्याच्या प्रयत्नांत) ५ ऐवजी १० यार्ड, दोन रांगांमध्ये मोकळी पट्टी. स्टॅग नियम समितीवर होते.

पण परवानगी मिळाली म्हणून लगेच सगळे फेकू लागले नाहीत. का, ते नियम वाचल्यावर कळते. चेंडू मधल्या खेळाडूच्या जागेपासून बाजूला किमान ५ यार्ड अंतरावरून रेषा ओलांडायला हवा. पास हुकला तर १५ यार्ड दंड. कोणाचाही स्पर्श न होता चेंडू जमिनीवर पडला तर तो प्रतिस्पर्ध्याचा. शिवाय चेंडू आजच्यापेक्षा गुबगुबीत, त्यामुळे हाताच्या पकडीत नीट बसत नसे. एवढा धोका पत्करायला बहुतेक प्रशिक्षक तयार नव्हते. स्टॅग यांनी त्याच वर्षी पासच्या चाली बसवल्या. त्यांच्या सांगण्यानुसार ६४.

मग खरोखर त्यांनी काय काय शोधले?

यादी लांब आहे आणि तिच्यातला प्रत्येक दावा सारख्याच भक्कम पायावर उभा नाही.

सर्वांत पक्का दावा टॅकल (चेंडूवाल्याला धरून पाडणे) शिकण्याच्या पुतळ्याचा. १८८८ मध्ये कमरेखाली, गुडघ्यापर्यंत टॅकल करायला परवानगी मिळाली. तोवर सगळे वरून कवटाळत. आता वाकून पाय धरायला शिकणे आले. एकमेकांवर सराव केला तर सामन्याआधीच निम्मा संघ लंगडणार. १८८९ मध्ये येलच्या व्यायामशाळेत स्टॅग यांनी जुनी गादी गुंडाळून टांगली आणि तिच्यावर सराव सुरू केला. साधनातले मर्म एवढेच की ती हलती राहते आणि लागत नाही. सुरुवातीला खेळाडू हमखास दोन चुका करतो: नजर खाली घालून डोके पुढे करतो, आणि गादीला भिडण्याआधीच जमिनीवरून पाय उचलतो. दोन्हींमुळे टॅकल हुकतो, आणि पहिल्या चुकीने मान जाते. गादीवर ही चूक स्वस्तात सुटते.

त्याच नियमाचा एक उलटा परिणामही झाला. मोकळ्यावर पळणारा आता सहज पडू लागला, म्हणून संघ एकमेकांना चिकटून, घोळक्याने पुढे जाऊ लागले. १८९२ चे हार्वर्डचे ‘उडते पाचर’ हे त्याचे टोक. दोन वर्षांत ते बंद करावे लागले.

बेसबॉलचा जाळीचा पिंजरा हाही त्यांच्या नावावर आहे. क्रिकेटच्या नेट्ससारखेच; फरक एवढा की तो हिवाळ्यात छपराखाली बॅटिंग करता यावी म्हणून आला.

मागे किंवा बाजूला चेंडू देण्याच्या चाली, उलट्या दिशेने फिरणारे डाव, चेंडू लपवण्याची युक्ती, ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ (फेकायला हात वर नेल्यासारखे करायचे आणि मागून दुसऱ्याने चेंडू काढून न्यायचा), गोलखांबांना गाद्या, गणवेशावर क्रमांक: या सगळ्यांत त्यांचे नाव येते. यांपैकी काही त्यांनी प्रथम केले, काही प्रथम लोकांच्या नजरेत आणले. मैदानावर घोळका करून चाल ठरवण्याचे श्रेय मात्र त्यांना देऊ नये. १८९४ मध्ये गॅलॉडेट या मूकबधिरांच्या कॉलेजाने, खुणांची भाषा समोरच्यांना दिसू नये म्हणून, ते आधीच केले होते.

त्यांच्या मैदानी खेळांच्या कामाची एवढी चर्चा का होत नाही?

फुटबॉलने झाकून टाकले म्हणून. खरे तर तिथे त्यांचे काम अधिक दूरवर गेले. १९०० मध्ये ते शिकागोचे धावपटू घेऊन पॅरिस ऑलिम्पिकला गेले. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर, १,५०० मीटर आणि स्टीपलचेस अशी तीन सुवर्णपदके मिळवणारा जेम्स लाइटबॉडी शिकागोचाच. १९०६ ते १९३२ स्टॅग अमेरिकी ऑलिम्पिक समितीवर होते, आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४०० व ८०० मीटरचे धावपटू आणि रिलेचा संघ त्यांच्याकडे होता.

हायस्कूलच्या मुलांसाठी त्यांनी १९०२ मध्ये शिकागोत राष्ट्रीय मैदानी स्पर्धा आणि १९१७ मध्ये राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली. हेतू दुहेरी होता. मुलांना मोठे मैदान मिळाले, आणि विद्यापीठाला देशभरातले चांगले खेळाडू घरबसल्या दिसले.

भारताशी काही दुवा?

दोन सांगता येतील, दोन्ही पॅरिसचे. १९०० च्या ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत शिकागोचा फ्रेडरिक मोलोनी तिसरा आला. त्याच अंतिम शर्यतीत कलकत्त्याचा नॉर्मन प्रिचर्ड धावत होता. प्रिचर्डने २०० मीटर आणि २०० मीटर अडथळे या दोन शर्यतींत रौप्यपदके मिळवली.

१९२४ मध्ये भारतीय पथकाचे व्यवस्थापक होते हॅरी क्रो बक, मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे संस्थापक. ते स्प्रिंगफील्डच्या त्याच शाळेचे, जिथे स्टॅग यांनी नोकरीला सुरुवात केली होती. मुंबईचे सर दोराबजी टाटा त्या काळात भारतीय ऑलिम्पिक चळवळीच्या मागे उभे होते. बक यांच्या मद्रासच्या महाविद्यालयातून शिकलेले शारीरिक शिक्षक पुढे देशभर गेले, महाराष्ट्रातही. स्टॅग स्वतः कधी त्या वर्गात नव्हते. शाळा मात्र तीच.

त्यांच्यावर टीका होते, ती कशाबद्दल?

हौशी खेळाचा झेंडा मिरवणाऱ्या माणसाने खेळाचा धंदा केला, याबद्दल. आणि ती टीका निराधार नाही. शिकागोच्या खेळाडूंना वेगळे जेवण, वसतिगृहात सोयी, अभ्यासात सवलती मिळत. शिकागोतल्या हायस्कूलांतून खेळाडू हेरण्याची पद्धतशीर व्यवस्था होती. १९०५ मध्ये कोलियर्स साप्ताहिकाने मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांवर लेखमाला छापली, त्यात शिकागोही होते. तीन वर्षे ऑल अमेरिका संघात निवडला गेलेला एकर्सॉल पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला.

स्टॅग ढोंगी होते, असे आम्हाला वाटत नाही. आपण मुलांचे चारित्र्य घडवतो यावर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि त्याच विश्वासामुळे संघाला उपयोगी असलेली कुठलीही गोष्ट त्यांना आपोआप योग्य वाटे. प्राध्यापकपद मिळाले, पण प्राध्यापकाला लागणारी तपासणी त्यांच्या विभागाला लागली नाही.

पत्नीचा कामात सहभाग होता का?

मोठा. स्टेला रॉबर्टसन आणि स्टॅग यांचे लग्न १८९४ मध्ये झाले. त्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहून चालींच्या नोंदी आणि आकृत्या काढत. पॅसिफिकमध्येही हे काम चालू होते. १९६४ मध्ये, स्टॅग यांच्या आधी वर्षभर, त्या गेल्या.

शिकागो का सोडले? निवृत्त झाले होते ना?

करावे लागले. विद्यापीठाचा नियम सत्तरीचा. १९२९ मध्ये अध्यक्ष झालेले रॉबर्ट हचिन्स यांना मोठ्या फुटबॉलचे कौतुक नव्हते, आणि अपवाद करायची त्यांची तयारी नव्हती. विद्यापीठातच दुसरे, मैदानाबाहेरचे काम देऊ केले गेले. स्टॅग यांनी ते नाकारले. ‘कायम’ नेमणुकीचा अर्थ सत्तरीपर्यंत एवढाच निघाला.

तसेही १९२४ नंतर संघ घसरत होता. आसपासची सरकारी विद्यापीठे विद्यार्थीसंख्येने फुगली; तिथे खेळाडूंना सोपे जातील असे अभ्यासक्रम होते. शिकागो उलट संशोधनाकडे वळले आणि पदवीपूर्व विद्यार्थी कमी राहिले. सत्तर वर्षांच्या प्रशिक्षकाला दोष देऊन हे समजत नाही.

सत्तरीनंतरची कारकीर्द केवळ कौतुकापुरती का?

आकडे पाहिले तर पॅसिफिकमध्ये विजयांपेक्षा पराभव अधिक. पण छोट्या कॉलेजाला पैसे मिळावेत म्हणून बलाढ्य संघांच्या मैदानावर जाऊन खेळावे लागे, हे लक्षात घ्यावे. १९३८ मध्ये पॅसिफिकचा संघ घेऊन ते शिकागोला, स्वतःच्या नावाच्या मैदानावर गेले आणि ३२–० ने जिंकले. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये शिकागोने फुटबॉल बंदच केला.

१९४३ साली युद्धामुळे नौदलाचे प्रशिक्षणार्थी पॅसिफिकमध्ये आले आणि अचानक तगडे खेळाडू मिळाले. ७ विजय, २ पराभव. त्यांतला एक सदर्न कॅलिफोर्नियाकडून ६–० ने. ८१ वर्षांचे स्टॅग त्या वर्षीचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. सस्क्वेहॅनाचा १९५१ चा संघ अपराजित राहिला. शेवटची वर्षे स्टॉकटनमध्ये, चेंडूला लाथ मारण्याचे तंत्र शिकवण्यात गेली.

हॉल ऑफ फेममध्ये ते नेमके कशासाठी?

कॉलेज फुटबॉलच्या १९५१ च्या पहिल्या तुकडीत, खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी. बास्केटबॉलच्या १९५९ च्या पहिल्या तुकडीतही. दुसऱ्या ठिकाणी ते प्रशिक्षक म्हणून नाहीत, खेळाच्या प्रसारातल्या वाट्यासाठी आहेत.

आज त्यांच्या खुणा कुठे पाहायला मिळतात?

जुने स्टॅग फील्ड आता नाही. २ डिसेंबर १९४२ रोजी त्याच्याच पश्चिमेकडच्या प्रेक्षागॅलरीखाली, रॅकेट्सच्या कोर्टात, एन्रिको फर्मी यांच्या चमूने पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. फुटबॉल बंद झाल्याने जागा रिकामी होती. १९५७ मध्ये गॅलऱ्या पाडल्या. आज तिथे रेगनस्टाइन ग्रंथालय आहे आणि शेजारी हेन्री मूर यांचे ब्राँझशिल्प. ते शिल्प अणुप्रयोगाचे स्मारक आहे, फुटबॉलचे नव्हे. पर्यटकांचा इथे गोंधळ होतो. नवे, छोटे स्टॅग फील्ड काही गल्ल्या पलीकडे आहे. १९६९ पासून विद्यापीठाचा संघ पुन्हा खेळतो, पण खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या विभागात. १९७३ पासून त्याच विभागाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्याला ‘स्टॅग बोल’ म्हणतात.